दर दसऱ्याला थोडं तेल

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार माझ्या फुईचे आहेत. फुई म्हणजे आत्या. आमच्या खानदेशात, निदान आमच्या धुळ्याकडच्या घरांत, बापाच्या बहिणीला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच वेळ एका जुन्या गाडीच्या कार्बोरेटरबद्दल बोलणार आहे, आणि हा माणूस एवढ्याशा धातूच्या तुकड्यात इतका जीव का अडकवून बसलाय, असं वाचणाऱ्याला वाटू नये.

आमचं गाव पांझरेच्या काठी. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात फुई आखाजीला माहेरी आली होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस होतो. त्या दिवशी जेवणं उरकल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सहज सांगितलं की आता पोरगा शेतीत माझ्या हाताशी येईल. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. बारावीच्या पुढे काय असतं तेच आमच्या घरात कोणाला दिसत नव्हतं.

फुई झोक्यावर बसली होती. तिने पाय टेकवून झोका थांबवला.

"याले मी अमळनेरले लई जासू," ती म्हणाली. "तठे कॉलेज शे. मी शिकाडसू."

आबा हसले. "तुन्हा घरमा जागा कोठे शे?"

"घरमा नही ते गाडीमा झोपी."

सगळे हसले. फुवा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण पावसाळा सुरू होताच मी पत्र्याची पेटी घेऊन अमळनेरला गेलो, आणि फुईचं बोलणं जवळजवळ खरंच झालं.

फुवा अमळनेरच्या एका तेलगिरणीत मालकांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. दुधी रंगाची पेट्रोलची अँबॅसिडर. गिरणी बंद पडली तेव्हा मालक गाव सोडून गेले आणि जाताना गाडी फुवांच्या हाती सोपवून गेले. तेव्हापासून ती लग्नसराईत नवरदेवाची गाडी झाली. फुवा तिला झेंडूच्या माळा घालून न्यायचे आणि परत आल्यावर एकेक पाकळी वेचून काढायचे. घर म्हणजे पुढची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला गाडीचं पत्र्याचं शेड. पुढच्या खोलीत फुईच्या पापड-बिबड्यांच्या ऑर्डरी पसरलेल्या असत. मग मी अभ्यासाला जायचो गाडीत. मागच्या सीटवर मांडी घालून, छताच्या छोट्या पिवळ्या दिव्याखाली. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं मी त्या सीटवर काढली. फुई खिडकीच्या काचेवर टकटक करून चहा आत द्यायची. फुवा आठवड्यातून एकदा तरी ओरडायचे, "अरे, दिवा बंद कर! बॅटरी उतरते!"

पदवीचा निकाल लागला तेव्हा फुईने पेढे वाटले नाहीत. तिने वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी करून पूर्ण गल्ली जेवू घातली, आणि कोणी विचारलं की पोरगा कुठे शिकला, तर शेडकडे बोट दाखवलं.

आज मी जळगावला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. बीकर, ब्युरेट आणि पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या सांभाळतो. घर झालं, लग्न झालं. फुवा मात्र गेले. त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यापासून फुई आखाजीला माहेरी आली नाही.

त्याचं कारण आमच्या घरातल्या एका उलट्या रिवाजात होतं. आमच्याकडे लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक निघत नाही, तो तिचा मान असतो. पण फुवांनी गाडी हाती येताच जाहीर करून टाकलं होतं, "माझ्या बायकोला न्यायला कोणी यायची गरज नाही. मी आहे आणि गाडी आहे." दरवर्षी ते स्वतः तिला अँबॅसिडरमध्ये बसवून गावात आणायचे. हॉर्न वाजवत, धुरळा उडवत. आबा दारात उभे राहून उशीर झाला म्हणून टोमणे मारायचे. दाजी-शालकाचं ते भांडण म्हणजे आमच्या आखाजीची सुरुवात.

फुवा गेल्यावर आबांनी मला मुराळी म्हणून पाठवलं. एका वर्षी मी एसटीने गेलो, एका वर्षी मित्राची जीप घेऊन, नंतर माझी स्वतःची लहान गाडी घेऊन. फुई मला पोटभर जेवू घालायची, आबांसाठी कुरडया बांधून द्यायची आणि म्हणायची, "आवंदा राहू दे." कारण कधीच सांगायची नाही. आबा आता थकलेत, त्यांचे गुडघे धरलेत, फार प्रवास होत नाही. मी रिकाम्या हाताने परत आलो की ते त्या दिवशी झोक्याकडे फिरकायचे नाहीत. मागच्या आखाजीला ते एवढंच म्हणाले, "आम्ही दोन्ही म्हातारा व्हयनूत. आते कधी भेटसूत?"

म्हणून या वर्षी होळी झाल्यावर मी अमळनेरला गेलो आणि फुईला सरळ विचारलं, की बाई, तुला यायचं तरी कसं आहे? ती भाकरी थापत होती. तिने मान वर न करता शेडकडे हात केला.

"ती गाडी चालू व्हयनी ना, ते येसू."

हे नाही म्हणायची रीत आहे हे शेजारच्या बाईलाही कळलं असतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तीही म्हणाली, "अहो, त्यांनी तुम्हाला गोड बोलून काढून दिलं." पण मी साध्या शाळांत शिकलेला माणूस आहे. प्रश्नपत्रिकेत जे विचारलंय त्याचंच उत्तर लिहायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. फुईने अट घातली होती. अट पुरी करायची.

दुसऱ्या रविवारी शेड उघडलं. ताडपत्री काढली तर गाडी होती तशीच होती, फक्त चारही टायर बसलेले आणि बॉनेटमध्ये चिमणीचं जुनं घरटं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो माझ्याच वयाचा, आम्ही गल्लीत क्रिकेट खेळलेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"भाऊ, हिच्यात कोंबड्या पाळा. जागा ऐसपैस आहे."

"आखाजीला रस्त्यावर पाहिजे."

"कोणत्या सालच्या आखाजीला?"

पण हसत हसत त्यानेच टाकी उतरवून धुतली, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बदलला, ब्रेक पाहिले, टायर घातले, नवी बॅटरी बसवली. विम्याचं आणि कागदांचं मी पाहिलं. मग आम्ही चावी फिरवली. इंजिन दोन-तीनदा खोकललं, थरथरलं आणि गप्प झालं. ॲक्सिलरेटर दाबला की श्वास कोंडल्यासारखं करायचं. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि निदान केलं, "कार्बोरेटर गेला. याला मी हात लावत नाही. लग्नाचा सीझन आहे, दहा गाड्या उभ्या आहेत. तुम्ही बी.एस्सी. आहात, तुम्ही खोला."

मला ते आव्हान आवडलं. खरं सांगतो, फार आवडलं. त्या कार्बोरेटरचं तत्त्व मी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर पाठ केलं होतं: हवेचा वेग वाढला की दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबाने पेट्रोल वर ओढलं जातं. परीक्षेत त्यावर आकृतीसह उत्तर लिहून पूर्ण गुण घेतले होते. पण ते यंत्र माझ्यापासून हातभर अंतरावर, बॉनेटखाली बसलेलं आहे आणि मी ते कधी उघडून पाहिलेलं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी तो काढला, जुन्या धोतराच्या कपड्यात गुंडाळला, फुईच्या जेवणाच्या डब्यात ठेवला आणि रेल्वेने जळगावला निघालो. डब्यात पेट्रोलचा वास. समोरच्या बाकावरचे आजोबा नाक आवळून म्हणाले, "काय वो भाऊ, भाजी कसली म्हणायची ही?"

बायको फैजपूरची. केळीच्या पट्ट्यातली माणसं बोलायला मोकळी असतात. मी बाल्कनीत परात मांडून एकेक स्क्रू काढायला बसलो तशी ती दारात येऊन उभी राहिली.

"भरताची वांगी आणायला पाठवलं होतं ना तुम्हाला?"

"आणली आहेत. पिशवीत."

"आणि हे काय?"

"हेही भाजायचंय असं समज."

आता हा कार्बोरेटर कसा दिसतो ते थोडक्यात सांगतो. एका बाजूला पेट्रोलची छोटी वाटी, तिच्यात पितळेचा तरंगता फुगा. मधोमध हवा आत जाण्याचं तोंड. आणि वर उपड्या तांब्यासारखा एक घुमट, ज्याच्या डोक्यावर पितळी टोपी. घुमटाच्या आत एक दट्ट्या असतो. हवा ओढली गेली की तो वर उचलला जातो, हवा कमी झाली की खाली बसतो. त्याच्या टोकाला बांधलेली बारीक सुई पेट्रोलच्या भोकात वरखाली होते. दट्ट्या जेवढा वर, तेवढं पेट्रोल जास्त. त्याने झटका खाऊ नये म्हणून टोपीखाली थोडं पातळ तेल भरतात. एवढंच. इतक्या साध्या आणि शहाण्या वस्तू मी प्रयोगशाळेतही फार थोड्या पाहिल्या.

फुगा काढला तर जड लागला. हलवला तर आत पेट्रोल डुचमळलं. मी तो गरम पाण्यात बुडवला आणि वाट पाहिली. एका जोडावरून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. सुईच्या टोकाएवढं छिद्र. आतलं पेट्रोल पूर्ण निघून, सुकून जाईपर्यंत दोन दिवस तो गच्चीत उन्हात ठेवला, मग कॉलेजमधून कथील आणि डाख देण्याचं मशीन आणून छिद्र बुजवलं. पुन्हा पाण्यात बुडवला. बुडबुडा नाही. मी एवढ्या मोठ्याने "वा!" म्हणालो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी क्रिकेटचा स्कोअर विचारला.

पण दट्ट्या हलेना. घुमट कसाबसा वर उचलला तर दट्ट्या त्याला आतून चिकटून आला. ओढला, पिळला, तरी हलेना. सगळीकडे तपकिरी, चिकट, गूळ आटवल्यासारखं काहीतरी बसलेलं. जुनं पेट्रोल सुकलं की राळेसारखं होतं हे मला माहीत होतं, पण पेट्रोल इतक्या वर येतच नाही. मी घुमट नाकाशी नेला. ओळखीचा वास. पण आठवेना.

बायको कणीक मळत होती. मी तो तिच्यापुढे धरला. तिने कणकेचा हात तसाच वर ठेवून वास घेतला आणि लगेच म्हणाली, "शेंगदाण्याचं तेल. खवट झालेलं."

"काहीतरीच."

"अहो, तेलाच्या बरणीचं बूड असंच होतं. गाडीत फोडणी दिली का कोणी?"

मी फुईला फोन लावला.

"फुई, कार्बोरेटरमा तेल कोनी टाकं?"

"मीच टाकस," ती अभिमानाने म्हणाली. "दर दसराले. त्या टाकेत ना, वरनी पितळनी टोपी काढीसन? त्या गयात, मंग मी टाकस. लाकडी घाणानं तेल शे, चांगलं. का रे, कमी पडनं का?"

'त्या' म्हणजे फुवा. माझ्या डोळ्यांसमोर तो दसरा आला. फुवा सकाळी गाडी धुवायचे, बॉनेट उघडायचे, टोपी फिरवून काढायचे आणि एका छोट्या डब्यातून पातळ पिवळसर तेल आत सोडायचे. फुई स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. ते मशीनचं तेल होतं. पण ज्या घराची चूल तेलगिरणीवर चालली, जिथे डोक्याला, दाराच्या बिजागरीला, देवाच्या दिव्याला आणि भरताला एकाच बरणीतलं तेल जात होतं, तिथे तेल म्हणजे दुसरं काय असणार? फुवा गेल्यावर बाकी गाडीचं तिला काही करता येत नव्हतं. एवढी एक गोष्ट येत होती. ती तिने एकाही दसऱ्याला चुकवली नव्हती.

मी खोटं बोलू शकलो असतो. पण फुईशी खोटं बोलायचा मला सराव नाही. जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं की ते तेल आत सुकून चिकटलंय, त्यामुळे दट्ट्या अडकलाय.

मग ती म्हणाली, "म्हंजे मीच तिना गळा दाबा."

"तसं नही, फुई..."

"राहू दे रे. राहू दे ती गाडी. ताडपत्री टाकी दे. मी नही येवाव."

आणि फोन ठेवला. मी परातीसमोर तसाच बसून राहिलो. आबांचा झोका, फुईचा तो कोरडा झालेला आवाज, सगळं एकाच वेळी मनात आलं. एवढी उठाठेव केली ती तिला हे ऐकवायला का, असं वाटलं. बायकोने हात धुतले आणि कपाटातून सोड्याची पुडी काढली.

"कढईला चिकटलेलं तेल काढतात तसं काढू. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा."

"सोडा नको. हे ॲल्युमिनियम आहे, काळं पडून खाल्लं जाईल."

"मग तुमची केमिस्ट्री काय म्हणते?"

केमिस्ट्रीने थिनर सुचवलं. दट्ट्यासकट घुमट थिनरच्या बरणीत बुडवून आम्ही बाल्कनीत ठेवला. दुसऱ्या दिवशी बायकोने बाहेरून गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलं, मी हळूच पिळत राहिलो. घासणी लावू नको, ओरखडा उठला तर सगळं फुकट, असं मी तिला सांगत होतो आणि ती, "सतरांदा सांगू नका, माझ्या आईच्या चांदीच्या वाट्या मीच पुसते," असं म्हणत होती. तेवढ्यात दट्ट्या किंचित फिरला. मग बोटभर खाली आला. मग एकदम सुटून माझ्या मांडीवर पडला.

आम्ही दोघांनी तो मऊ सुती कापडाने पुसायला घेतला. तपकिरी थर निघत गेला आणि खालचा दट्ट्या आम्ही उजेडात धरला. मधली पोलादी दांडी आरशासारखी चकचकीत. गंजाचा एक ठिपका नाही. जो भाग तेलाबाहेर होता, तिथले स्क्रू गंजून तांबडे झाले होते. फुईच्या तेलाने ज्याला धरलं होतं, ते जसंच्या तसं राहिलं होतं.

"लावा फोन," बायको म्हणाली आणि माझ्या हातातून घेतलाही. "फुई, मी बोलते. ऐका. तुमच्या तेलाने गळा नाही दाबला. तुमच्या तेलाने लोणचं घातलं. लोणचं नासतं का तेलाखाली? सगळं नव्यासारखं आहे आत. तुम्ही तेल घातलं नसतं ना, तर हे आज भंगारात टाकलं असतं यांनी."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू गेलं नाही. पण बायको हसायला लागली, आणि फुईशी बोलताना असं हसणं म्हणजे फुईही हसली असणार, हे मला ठाऊक होतं.

त्यानंतरचे रविवार मजेत गेले. पुण्याच्या एका जुन्या पार्टवाल्याकडून नवी सुई आणि पेट्रोलचं भोक असलेली बारीक नळी मागवली. गॅस्केट मी स्वतः कागदावर ठसा उठवून, शीट कापून केली. पहिली दोन बिघडली, तिसरी बसली. सगळं जोडल्यावर शेवटची परीक्षा असते. दट्ट्या बोटाने वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. सुई भोकाच्या बरोबर मध्यावर असेल तर दट्ट्या मोकळा खाली येतो आणि बुडाला लागून आवाज होतो: टक्. जरा कुठे घासत असेल तर आवाज येत नाही. माझ्याकडून तो येईना. नळी सैल केली, सरकवली, आवळली. पुन्हा सैल केली. दुपार गेली. आणि मग, काही विशेष न करता, आला. टक्.

मी पुन्हा उचलून सोडला. टक्. मला वाटलं हा आवाज मी आधी ऐकलेला आहे. मी फुईला फोन लावला, फोन परातीत ठेवला आणि काही न बोलता दट्ट्या सोडला.

"हाऊच!" फुई पलीकडून ओरडली. "हाऊच आवाज! दसराले त्या तेल टाकेत, बोट घालेत, आणि हाऊ आवाज ये. मंग मी नारळ लई जाऊ. त्या गयात तवपासून हाऊ आवाजच नही ऊना. माले वाटे, गाडी रुसनी."

मग तिने विचारलं, "आखाजीले कितला दिवस शेतस?"

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही अमळनेरला पोहोचलो. कार्बोरेटर बसवला, पितळी टोपी काढून आत पातळ मशीनचं तेल सोडलं. ते मी फुईच्याच हाताने सोडवलं. तिने आधी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "याले काही वासच नही," ती म्हणाली. गॅरेजवाला हातातलं काम टाकून आला होता, अर्धी गल्ली जमली होती. मी चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. काही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "फुई, भजी टाका, गाडी तापली." पुन्हा फिरवली. एक खोकला आला, काळा धूर आला, आणि मग इंजिन सुरू झालं. आधी अडखळत, मग सलग, मग त्या जुन्या, जड, पोटातून येणाऱ्या आवाजात. गॅरेजवाल्याने स्क्रू पाव वेढा फिरवून कान दिला आणि दोन्ही हात वर केले.

फुई हसली नाही, रडलीही नाही. आत गेली आणि नारळ घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. फुई पुढे माझ्या शेजारी, बायको मागे. गाडी पाण्यासारखी चालत होती. मला वाटलं फुई खूश होईल, पण ती हातात पिशवी धरून ताठ बसली होती, बोलत नव्हती. मी काही विचारलं की "हां" म्हणायची. धुळ्याकडच्या रस्त्याला लागलो. नऊ वाजताच ऊन भाजत होतं. कपाशीची मोकळी रानं दोन्ही बाजूंना, मध्येच एखादं निंबाचं झाड. माझ्या मनात आलं की ही नुसती शब्दाला जागून आली आहे. मनाने आलेली नाही.

आणि एका निंबाजवळ गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

बॉनेट उघडलं. पेट्रोल पंप तव्यासारखा तापलेला. आत पेट्रोलची वाफ झाली होती. जुन्या गाड्यांचं उन्हाळ्यातलं हे नेहमीचं दुखणं. पाणी कुठे मिळेल म्हणून मी मागे वळलो, तर फुई खाली उतरून, पिशवीतून ओलं फडकं काढून उभी. घरून भिजवून, प्लास्टिकच्या थैलीत बांधून आणलेलं. आणि तिचा चेहरा! इतका उजळलेला चेहरा मी माझ्या निकालानंतर पाहिला नव्हता.

"आते व्हयनी खरी गाडी!" ती म्हणाली. "मी म्हनू, हाई कोनी दुसरी गाडी शे का काय. एकदाबी बंद पडनी नही! दर सालले आठेच बंद पडे. त्या फडकं ठेवेत आणि आम्ही दोन्ही जेवूत, आठेच, या निंबखाले."

तिने फडकं पंपावर ठेवलं. चर्र आवाज झाला. मग पिशवीतून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे निघाले. आम्ही तिघं निंबाखाली बसलो. तेव्हापासून फुईचं तोंड जे सुटलं ते गावापर्यंत थांबलं नाही. फुवांनी एका वरातीत नवरदेवाला विसरून नुसती करवली कशी नेली, हे तिने दोनदा सांगितलं आणि आम्ही दोनदा हसलो. चटणीवर तिने घाण्याचं तेल सोडलं, मग बाटली गाडीकडे करून म्हणाली, "तुले नही."

पंप थंड झाल्यावर गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

गावात शिरताना मी हॉर्न दाबून धरला. आबा काठी टेकत ओट्यावर येऊन उभे होते. गाडी थांबली, फुई उतरली. मग आबांनी नेहमीच्या जागी, नेहमीच्या आवाजात सुरुवात केली:

"इतला उशीर? बैलगाडीवर ऊनी का?"

"तुन्हा दाजीनी गाडी शे," फुई म्हणाली. "टोमना मारानं काम नही. झोका बांधेल शे का नही, ते सांग आधी."

झोका बांधलेला होता. सकाळीच, आबांनी उभं राहून बांधून घेतला होता. संध्याकाळी फुई झोक्यावर बसली आणि आबा बाजूच्या खाटेवर. आबा काठीच्या टोकाने झोक्याला हलके ढकलत होते.

फुईला अमळनेरला सोडून जळगावला आल्यावर मी तिला पत्र लिहिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, असं तिचं मत आहे. पत्रासोबत एक छोटी बाटली पाठवली. ते पत्र असं:

ती. फुईस नमस्कार.

आम्ही सुखरूप पोहोचलो. सूनबाईने तुझ्या कुरडया तळल्या, खालच्या काकूंनाही दिल्या.

सोबतच्या बाटलीत मशीनचं तेल आहे. वास नाही, तुला आवडणार नाही, पण दसऱ्याला टोपी काढून यातलंच घाल. बोटाच्या एका पेराएवढं पुरे. मग दट्ट्या उचलून सोड. टक् आवाज आला की नारळ फोड. नाही आला तर मला फोन कर, मी पहिल्या गाडीने येईन. घाण्याचं तेल भरतासाठी ठेव, आम्ही खायला येणारच आहोत.

मी त्या गाडीत बसून शिकलो हे तू सगळ्यांना सांगतेस. खरं असं आहे की त्या आखाजीला तू झोका थांबवला नसता, तर मी आज काय असतो ते मला सांगता येत नाही. वाईट असतो असं नाही. पण हे सगळं पाहिलं नसतं. हे मी तुला कधी तोंडाने सांगितलं नाही, म्हणून लिहून पाठवतो.

पुढच्या आखाजीला मुराळी म्हणून मीच येईन. फडकं भिजवून ठेव. निंबाखाली थांबू. गाडी बंद पडली नाही तरी थांबू.

हे पत्र घरात वाचू नको, गाडीत मागच्या सीटवर बसून वाच. छताचा दिवा मी निघताना दुरुस्त केला आहे. वाचून झालं की आठवणीने बंद कर. बॅटरी उतरते.

तुझा भाचा